पदवीनंतरची पहिली नोकरी आणि पंचेचाळिशीची मुदत

पदवी परीक्षांचे निकाल लागले की गोव्यातील घराघरांत एकच चौकशी सुरू होते : सरकारी नोकरीचे काही जमते आहे का? या चौकशीमागे अनुभव आहे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्या पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागांत ट्रक, बार्ज आणि गॅरेज यांवर चालणाऱ्या घरांचे उत्पन्न पाहता पाहता आटले. महासाथीच्या काळात हॉटेले ओस पडली. ज्यांनी हे पाहिले ते वडीलधारे मुलांना ‘सरकारीच बघ’ म्हणतात, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार कनिष्ठ कारकुनाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर महागाई आणि घरभाडे भत्ता मिळतो; शिवाय पावसाळा आला म्हणून कोणी घरी पाठवत नाही. नोकरीची इच्छा रास्तच आहे. प्रश्न आहे तो ती मिळेपर्यंतच्या वर्षांचा.

गोवा सरकारच्या बहुतेक जाहिरातींत उमेदवाराची कमाल वयोमर्यादा ४५ वर्षे असते. शेजारच्या महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी हीच मर्यादा सर्वसाधारणपणे ३८ आहे. गोव्यातील ही सवलत मोठी आहे. पण तिचा वापर बहुधा उलटा होतो. बाविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्याला वाटते की हाती तेवीस वर्षे आहेत, घाई कशाची? मग एक भरती हुकते, दुसरी न्यायालयात अडकते, तिसरी निवडणुकीच्या आचारसंहितेत सापडते आणि मूल अठ्ठाविशीला पोहोचते. तोपर्यंत त्याने कुठेच काम केलेले नसते. खासगी कंपनीतील मुलाखतीत ‘इतकी वर्षे काय केले?’ असा प्रश्न येतो, आणि परीक्षांची तयारी एवढेच उत्तर तिथे फारसे चालत नाही.

वास्तविक या मर्यादेचा सरळ अर्थ असा आहे की बाविसाव्या वर्षी खासगी नोकरी पत्करल्याने सरकारी नोकरीचे दार बंद होत नाही. खासगी नोकरीत राहून अर्ज करता येतो, परीक्षा देता येते आणि निवड झाल्यास नोटीस देऊन बाहेर पडता येते. तांत्रिक व पर्यवेक्षकीय पदांसाठी अनुभवाची अट असते, तिथे तर खासगी कंपनीचा अनुभव दाखलाच कामी येतो.

कागदपत्रे आधी, जाहिरात नंतर

गोव्यात सरकारी नोकरीसाठी अर्ज करताना दोन कागदांपाशी अनेक जण अडखळतात. पहिला, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. तो मामलेदार कार्यालयातून मिळतो. त्यासाठी जन्मदाखला, शाळेचे दाखले, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र अशी वास्तव्य सिद्ध करणारी कागदपत्रे लागतात. शिक्षणासाठी काही वर्षे बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्यात काढलेल्यांना आणि आडनावाच्या किंवा वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये तफावत असलेल्यांना इथे हेलपाटे घालावे लागतात. दुसरा, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड. त्याची नोंदणी वेळेवर नूतनीकृत करावी लागते आणि जाहिरातीच्या शेवटच्या तारखेला ते वैध असावे लागते. जाहिरात आल्यावर या दोन्हींच्या मागे धावणारा उमेदवार पहिला आठवडा कचेऱ्यांच्या रांगेतच घालवतो. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जातीचा दाखला आणि इतर मागासवर्गीय असल्यास उत्पन्नमर्यादेबाबतचा दाखला पदवीच्या शेवटच्या वर्षातच तपासून घ्यावा.

जाहिरात वाचणे ही वेगळी विद्या आहे. प्रथम ती कोणी काढली ते पाहावे. राजपत्रित व वरिष्ठ पदांची निवड गोवा लोकसेवा आयोग करतो. कनिष्ठ पदांसाठी २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोगाची तरतूद झाली. पूर्वी ज्या जागा खाती आपापल्या पातळीवर भरत, त्यांतील पुष्कळशा आता या आयोगाच्या संगणकाधारित परीक्षेतून भरल्या जातात. यानंतर ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ या दोन शब्दांतील अंतर लक्षात घ्यावे. आवश्यक पात्रता नसेल तर अर्ज बाद होतो. इष्ट पात्रता नसली तरी अर्ज राहतो. पात्रता अर्जाच्या अंतिम तारखेला पूर्ण झालेली असावी लागते, त्यामुळे ‘निकाल पुढच्या आठवड्यात लागणार आहे’ या भरवशावर अर्ज करून उपयोग नाही.

कनिष्ठ कारकुनाच्या जाहिरातीचेच पाहा. त्या पदासाठी पदवी लागतच नाही, बारावी पुरते. लागते ते संगणकाचे ज्ञान आणि इंग्रजी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग. पदवीधर उमेदवार सामान्यज्ञानाची पुस्तके वर्षभर पाठ करतो आणि टंकलेखनाला परीक्षेच्या आधी पंधरा दिवस देतो. हा वेग रोज अर्धा तास याप्रमाणे दोन-तीन महिन्यांच्या सरावाने सहज येतो. पंधरा दिवसांत मात्र येत नाही.

मराठी वाचकांच्या दृष्टीने आणखी एक कलम महत्त्वाचे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राज्याची राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. भरतीच्या नियमांत त्याचे प्रतिबिंब असे पडते की कोकणीचे ज्ञान ‘आवश्यक’ आणि मराठीचे ज्ञान ‘इष्ट’ असते. या क्रमाविषयी ज्याची जी मते असतील ती असोत; उमेदवाराने ते कलम परीक्षेपुरते जसे आहे तसे स्वीकारावे हे बरे. घरात कोकणी बोलणाऱ्या, पण मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना बोलण्याची अडचण नसते. अडते ते लेखनापाशी. लिपी एकच असल्याने मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ आणि मराठी विभक्तिप्रत्यय नकळत कोकणीत उतरतात. रोज एक पान कोकणी वाचणे आणि चार ओळी लिहिणे एवढ्याने हा दोष जातो.

‘सेटिंग’ची किंमत

२०२४ च्या अखेरीस गोव्यात पैसे घेऊन सरकारी नोकरी देण्याच्या आमिषाची प्रकरणे एकामागून एक पोलिसांत गेली, अटका झाल्या, आणि कित्येक कुटुंबांनी लाखो रुपये गमावल्याचे उघड झाले. दागिने मोडून किंवा जमीन गहाण टाकून पैसे देणारे लोक भाबडे असतातच असे नाही. ‘पैशाशिवाय काही होत नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलेले असते की न देणेच त्यांना धोक्याचे वाटते.

इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्यायला हवे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याला संरक्षण आहे. पण त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे तक्रार केली असेल तरच. म्हणजे नोकरी लागेल या आशेने दोन वर्षे गप्प राहिलेला बाप पैसे गमावतो आणि तक्रार करायला जाताना स्वतःही अडचणीत येऊ शकतो. बरे, मध्यस्थाचे गणितही साधे असते. दहा उमेदवारांकडून पैसे घ्यायचे. त्यांतील एक-दोघे स्वतःच्या गुणांवर निवडले जातातच. त्यांचे श्रेय घ्यायचे आणि उरलेल्यांना ‘पुढच्या यादीत’ म्हणून झुलवायचे. त्याने काहीही केलेले नसते.

वेर्णा, कुंडई आणि पहिला पगार

खासगी क्षेत्र म्हटले की गोव्यात प्रथम वेर्णा औद्योगिक वसाहतीचे नाव येते. सिप्ला, लुपिन यांसारख्या औषध कंपन्यांचे कारखाने तिथे आहेत आणि रसायनशास्त्राच्या पदवीधरांना गुणवत्ता नियंत्रण, गुणवत्ता हमी, उत्पादन व पॅकिंग या विभागांत काम मिळते. कुंडई, मडकई, पिळर्ण, थिवी आणि डिचोली इथल्या वसाहतींतही लहान-मोठे कारखाने आहेत. या मुलाखतींची तयारी अवघड नाही, मात्र ती नेमकी हवी. विज्ञान पदवीधराला मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांतला फरक, टायट्रेशनची कृती, एचपीएलसी यंत्राचे तत्त्व, गुणवत्ता नियंत्रण आणि गुणवत्ता हमी यांतील भेद असे प्रश्न विचारले जातात. नोंदवहीत चुकीची नोंद झाली तर काय कराल, हाही प्रश्न असतो. खोडरबर किंवा पांढरी शाई वापरणार असे उत्तर दिले की मुलाखत तिथेच संपते, कारण औषध उद्योगात चूक एका रेघेने खोडून, सही व तारीख घालून दुरुस्त करायची असते. प्रथम वर्षापासून प्रयोगवही प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला हे वेगळे शिकावे लागत नाही.

थेट नोकरी न मिळाल्यास शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधरांना कंपन्यांत आणि सरकारी उपक्रमांत साधारण वर्षभराचे प्रशिक्षण मिळते. पूर्वी हा मार्ग अभियंते व पदविकाधारकांपुरता होता. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कला, वाणिज्य व विज्ञान पदवीधरांनाही तो खुला झाला. २०१९ च्या नियमांनी पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले. रक्कम थोडी आहे आणि वर्षानंतर कंपनीने कायम करावे असे बंधनही नाही. तरीही रिकाम्या वर्षापेक्षा प्रमाणपत्रासह एक वर्षाचा अनुभव केव्हाही वजनदार ठरतो. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या काळातच इंटर्नशिप आली आहे. ती ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून उरकणारे विद्यार्थी हीच संधी आधी घालवतात.

नेमणूकपत्र हाती आले की त्यातील ‘सीटीसी’ हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. समजा वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला २५,००० रुपये लिहिले आहेत आणि मूळ वेतन त्याच्या निम्मे, १२,५०० आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा १२ टक्के वाटा, १,५०० रुपये, आणि ग्रॅच्युइटीची सुमारे ६०० रुपयांची तरतूद आधीच वजा होते. उरलेल्या २२,९०० मधून कर्मचाऱ्याचा स्वतःचा १,५०० रुपयांचा वाटा कापला जातो. खात्यात येतात साधारण २१,४००. वाटा कापल्याचे सांगणाऱ्या कंपनीने तो खरोखर भरला आहे का, हे निधीच्या खात्याच्या पासबुकात ऑनलाइन पाहता येते. पहिल्या तीन महिन्यांत एकदा तरी ते पाहावेच. शिवाय नेमणूक कंपनीची आहे की कंत्राटदाराची, हे पत्राच्या माथ्यावरील नावावरून तपासावे. गेटवरचा फलक आणि पत्रावरील नाव वेगळे असले तर नोकरीही वेगळीच असते.

हॉटेल व्यवसायात कामाची उणीव नाही, पण ऑक्टोबर ते मार्च या हंगामापुरते घेणारे आणि बारमाही घेणारे यांत फरक करावा. बोटीवर जाण्याची परंपरा गोव्यात जुनी आहे. तारवट्यांची गावेच्या गावे सासष्टीत आहेत. क्रूझ जहाजावर जायचे तर सुरक्षिततेचे प्राथमिक अभ्यासक्रम, सीडीसी पुस्तिका आणि नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेली भरती संस्था, या तीन गोष्टी लागतात. २०१६ च्या नियमांनुसार अशा संस्थेला खलाशाकडून भरतीचे शुल्क घेता येत नाही. आखातातील जमिनीवरच्या नोकऱ्यांसाठी परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क घेता येते, पण त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. याहून अधिक मागणाऱ्याकडे परवाना असला तरी तो नियम मोडतो आहे, आणि पावती न देणाऱ्याशी बोलणेच थांबवावे.

मराठी घेऊन पदवीधर झालेल्यांसाठी

मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्यांचा ओढा अध्यापनाकडे असतो. तिथे एक गोष्ट अजूनही अनेकांपर्यंत पोहोचलेली नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी. एड. ही पात्रता ग्राह्य नसल्याचा निवाडा दिला. प्राथमिक शाळेत शिकवायचे असेल तर डी. एल. एड. पदविकाच लागते, बी. एड. पुढील इयत्तांसाठी आहे. गोव्यातील मराठी शाळा मोठ्या प्रमाणावर प्राथमिक स्तरावर आहेत, हे लक्षात घेता दोन वर्षे आणि शुल्क कुठे गुंतवायचे याचा निर्णय प्रवेश घेण्यापूर्वीच व्हायला हवा. महाविद्यालयात शिकवण्यासाठी एम. ए. आणि नेट किंवा सेट लागते. त्याआधी व्याख्यान तत्त्वावरील कामे मिळतात, पण त्यांचा मोबदला तासांवर असतो आणि सुट्टीच्या महिन्यांत तो थांबतो.

वृत्तपत्रे, अनुवाद, उपशीर्षके, जाहिरातींचे मजकूर या क्षेत्रांत मराठीच्या जोडीला उत्तम इंग्रजी असेल तर काम मिळते; मराठी, कोकणी व इंग्रजी या तिन्हींत शुद्ध लिहिणारा मनुष्य गोव्यात आजही दुर्मीळ आहे. केंद्रीय परीक्षांकडे गोव्यातील विद्यार्थी फारसे वळत नाहीत, याचे एक कारण भाषेची धास्ती हे असावे. पण संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाने बहुकार्य कर्मचारी पदाची परीक्षा २०२३ पासून हिंदी व इंग्रजीबरोबर तेरा प्रादेशिक भाषांत घ्यायला सुरुवात केली. त्यांत मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा आहेत. भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते, त्यामुळे त्या रकान्यापाशी येण्यापूर्वीच दोन्ही भाषांतील एकेक नमुना प्रश्नपत्रिका सोडवून पाहावी.