संगणकाचं चुकलेलं घड्याळ

मंडळी, संगणकाचं घड्याळ चुकलं की आपण वैतागून तारीख-वेळ नीट करतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! माझं म्हणणं असं, की दुरुस्त करण्याआधी ती चुकीची वेळ एकदा नीट वाचावी. संगणक उगाच काहीतरी ठोकून देत नाही. किती चुकलाय यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं, आणि मागचा इतिहासही.

जुन्या यंत्रांवर हमखास दिसायची ती तारीख म्हणजे १ जानेवारी १९८०. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत, यंत्र बंद असताना चालू राहील असं घड्याळच नव्हतं. सुरू केलं की डॉस आधी तारीख विचारायचं, मग वेळ. कंटाळून नुसतं एंटर दाबलं की १९८०, कारण डॉसचं पंचांगच तिथून सुरू होतं. १९८४ च्या पीसी एटीमध्ये बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप आली. तिला ताल देणारा क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. गंमत म्हणजे त्या चिपमध्ये वर्षासाठी दोनच आकड्यांची जागा होती. वायटूकेच्या घोळातला हाही एक धागा.

पुढच्या यंत्रांवर १९८० ऐवजी बनवणाऱ्याने ठरवलेलं दुसरंच एखादं वर्ष दिसतं, पण अर्थ तोच: मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला. १९९५ च्या एटीएक्स रचनेपासून संगणक बंद असला तरी वायर लावलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असेल तर थोडी वीज आत जात राहते आणि सेलवर भार पडत नाही. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची (चांगलीच) सवय, त्यामुळे सगळा भार सेलवर. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल असतो. वायर काढा, सेल होता त्याच बाजूने नवा बसवा, बायॉसमध्ये तारीख-वेळ भरा. झालं.

घड्याळ बरोब्बर साडेपाच तास चुकत असेल तर मात्र सेलला हात लावू नका. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील तर हे भांडण ठरलेलं. विंडोज त्या चिपमध्ये स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स सहसा जागतिक वेळ धरतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत मानायला लावायची, एवढाच उपाय. तारीख हरवलेली एखादी फाईल १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसते, तीही याच जातीची. युनिक्सचा शून्य क्षण भारतात उजाडला तो साडेपाचला!

पण हे साडेपाच तरी कुठून आले? १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत टिकली. म्हणजे एका यंत्रात दोन वेळा नांदतात तशा एका शहरात पन्नास वर्षं नांदल्या. घड्याळ बरोबर आहे का, यापेक्षा कुणाच्या हिशेबाने, हा प्रश्न जुना आहे.

चार-सहा मिनिटांचा फरक हा साधा. गरमी-थंडीने स्फटिकाचा ताल थोडा बदलतो. त्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी आखलेली, १९८५ साली कागदावर आलेली एनटीपी ही पद्धत आहे: दूरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारायची, उत्तर यायला लागलेला वेळ हिशेबात धरायचा. विंडोज एक्सपीपासून हे घरोघरी पोचलं. तारीखच फार चुकली असेल तर ती आधी हाताने नीट करावी लागते.

आमच्या नात्यातल्या एका काकांच्या संगणकावर बँकेची साइट उघडेना, तेव्हा सेल संपल्याचं कळलं. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. संगणक भलत्याच वर्षात असेल तर खरं प्रमाणपत्रही त्याला खोटं वाटतं. सेल बदलला, साइट उघडली. पण त्याआधीच्या महिन्यांत काकांनी आपल्या वडिलांची पत्रं स्कॅन करून ठेवली होती. त्या सगळ्या फाइलींवर आजही तीच चुकीची तारीख आहे. घड्याळ दुरुस्त केल्याने आधीच्या नोंदी दुरुस्त होत नाहीत.

म्हणून नातेवाईक मंडळींना एक विनंती. घरातले जुने कागद, फोटो साठवताना तारीख फाइलीच्या नावातच लिहा. पत्र कधीचं, फोटो कुठल्या लग्नातला, हे त्या सेलला माहीत नसतं. आपल्याला माहीत आहे, तोवर लिहून ठेवूया.