रडार दूरसंवेदन : वनस्पती आच्छादनाचे मापन

रडारने सोडलेले सूक्ष्मतरंग झाडांवर व पिकांवर आदळून परततात. परतलेल्या तरंगांची तीव्रता व ध्रुवण (तरंगाच्या कंपनाची दिशा) यांवरून वनस्पतींचा विस्तार, दाटी आणि जैवभार यांचा अंदाज बांधण्याची ही पद्धत आहे. या तरंगांना ढगांचा अडसर होत नाही व सूर्यप्रकाश लागत नाही. प्रकाशीय संवेदक पानांचा हिरवेपणा टिपतात. रडारला कळते ती वनस्पतीची रचना आणि तिच्यातील पाणी.

तरंगलांबी : एक्स पट्ट्याचे तरंग (सु. ३ सेंमी.) शेंड्याच्या पानांवरूनच परततात. सी पट्ट्याचे (सु. ५.६ सेंमी.) पाने व डहाळ्यांपर्यंत, तर एल पट्ट्याचे (सु. २४ सेंमी.) जाड फांद्या व खोडांपर्यंत पोहोचतात. जैवभार एका मर्यादेपलीकडे गेला की परतीचा संकेत वाढेनासा होतो. एल पट्ट्यासाठी ही मर्यादा हेक्टरी सु. १०० टन धरतात. वनप्रकारानुसार तीत बराच फरक आढळतो.

प्रकीर्णन : उघड्या जमिनीवरून पृष्ठीय, खोड व जमीन यांच्या कोनातून दुहेरी, तर पानाफांद्यांच्या गर्दीतून घनीय प्रकीर्णन होते. घनीय प्रकीर्णनात तरंगाचे ध्रुवण बदलते. आच्छादनाची ती सर्वांत भरवशाची खूण होय.

भातशेती : भारतात या तंत्राचा सर्वाधिक उपयोग खरीप भातासाठी झाला, कारण ऐन हंगामात आभाळ झाकलेले असते. लावणीच्या वेळी चिखलणी केलेल्या खाचरातील स्थिर पाण्यावरून तरंग आरशावरून निसटावेत तसे दूर परावर्तित होतात व प्रतिमेत खाचर काळे दिसते. फुटवे फुटू लागले की ते उजळत जाते. लोंबी बाहेर पडेपर्यंत ही वाढ मंदावते. काळ्याकडून उजळाकडे जाणारा हा क्रम अन्य पिकांत सहसा दिसत नाही, म्हणून तीन-चार तारखांच्या प्रतिमांतून भाताचे क्षेत्र वेगळे काढता येते. वाऱ्याने खाचरातील पाणी हिंदकळत असेल, तर मात्र ते अकाली उजळ दिसते.

उपग्रह : सीसॅट (१९७८) हा सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार (उपग्रहाच्या गतीचा उपयोग करून बारकावे टिपणारे रडार) वाहणारा पहिला नागरी उपग्रह. भारतीय बनावटीचा रिसॅट-१ (सी पट्टा) २६ एप्रिल २०१२ रोजी, तर भारत-अमेरिका यांचा निसार (एल व त्याहून आखूड तरंगांचा एस पट्टा) ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. निसार दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून जातो. युरोपचा बायोमास उपग्रह (२०२५) एल पट्ट्याहूनही लांब तरंगांचा पी पट्टा वापरतो.

निर्देशांक : दोन ध्रुवणांतील परतीच्या संकेतांवरून वनस्पती आच्छादन दर्शवणारा द्विध्रुवणी रडार वनस्पती निर्देशांक मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी विकसित केला (२०२०).

खारफुटी : खारफुटीच्या मापनासाठी मुख्यत्वे खोडांपर्यंत पोहोचणारा एल पट्टा वापरतात.

मर्यादा : पावसाने भिजलेली माती व पाने यांमुळे संकेत वाढतो आणि आच्छादन वाढल्याचा भास होतो. सह्याद्रीसारख्या उभ्या उतारांवर रडारसमोरची बाजू अवास्तव उजळ दिसते, तर पलीकडची सावलीत हरवते. प्रत्यक्ष शेतात वा वनात घेतलेल्या मोजमापांशी ताडून पाहिल्याखेरीज रडारवरून काढलेला आकडा ग्राह्य धरू नये.