दादनी, गुमास्ता आणि विणकराचा अंगठा

वखार म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर लाकडाचे ओंडके येतात. तीनशे वर्षांपूर्वी राजापूर, कारवार किंवा हुबळी येथे हा शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याला आठवत ते कापडाचे गठ्ठे, मिरीची पोती आणि हिशेबाच्या वहीवर वाकून बसलेला टोपीकर. कारवारच्या वखारीतले इंग्रज मलबारी वाऱ्यावर जहाज सुटण्यापूर्वी मिरी भरून घेत आणि घाटावरच्या हुबळीहून सुती कापड उतरवून आणीत. १६७३ मध्ये मराठी फौजेने हुबळी लुटली, तेव्हा या वखारवाल्यांचाही माल गेला. त्याच्या पुढच्या वर्षी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिला, तो केवळ नजराणा घेऊन नव्हे; राजापूरच्या वखारीच्या नुकसानभरपाईचा कागदही त्याच्या बरोबर होता.

ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास आपण प्लासी, असई, खडकी अशा लढायांतून वाचतो. पण १६०० साली सनद मिळालेली ही कंपनी मुळात खरेदी करणारी एक पेढी होती. स्वस्त, वेळेवर आणि नमुन्याबरहुकूम माल कसा घ्यावा, हा तिच्यापुढचा रोजचा प्रश्न. दीडशे वर्षे ती आपली खरेदीची पद्धत तपासत आणि सुधारत राहिली. त्या सुधारणांची कथा तलवारींच्या खणखणाटात ऐकू येत नाही. पण तिचे परिणाम लढायांइतकेच खोल गेले. ती सर्वांत ठळकपणे दिसते बंगालमध्ये, कारण कंपनीची कापडाची सर्वांत मोठी खरेदी तिथली. शिवाय त्या कथेच्या एका वळणावर मराठ्यांची घोडीही उभी आहेत.

दादनीचा व्यवहार

प्रथम खरेदीची अडचण समजून घेऊ. दरवर्षी लंडनच्या संचालकांकडून यादी येई : मलमल इतकी, अमुक लांबीचे-रुंदीचे साधे कापड इतके, रेशीम इतके. ती यादी समुद्रावरून येण्यास सुमारे सहा महिने. मग कापड विणवून घ्यायचे, धुलाई करायची, वारे अनुकूल असताना जहाजावर चढवायचे आणि पुन्हा सहा महिन्यांनी लंडनला लिलाव. मागणीपासून विक्रीपर्यंत सहज दोन वर्षे लोटत.

इकडे विणकराच्या घरात दोन महिन्यांचेही धान्य नसे. सुतासाठी आणि पोटासाठी त्याला आगाऊ पैसा लागे. आपल्याकडे ज्याला उचल म्हणतात, तिलाच बंगालमध्ये दादनी म्हणत. तेव्हा खरेदीचा सगळा पेच एवढाच की, आगाऊ पैसा कोणी द्यायचा आणि तो बुडाला तर कोणाचा बुडाला?

कंपनीने आरंभी हा पेच व्यापाऱ्यांच्या गळ्यात टाकला. कलकत्त्यात शेठ आणि बसाक ही घराणी होती. पुढे प्लासीच्या कटात बनावट तहनाम्याने फसवला गेलेला अमीचंद होता. कंपनी यांच्याशी करार करी आणि रकमेचा मोठा भाग आगाऊ देई. व्यापारी पैकारांना देत, पैकार विणकरांना. नमुन्याचे कापड वखारीत मोहोर करून ठेवलेले असे. माल आला की गठ्ठे सोडून एकेक ठाण नमुन्याशी ताडून पाहत, प्रती लावत आणि हलक्या प्रतीला किंमत कापून देत.

या पद्धतीत दोष उघड होते. तीन हातांतून पैसा जाई आणि प्रत्येक हाताला काहीतरी चिकटे. कापड विरळ येई, ठाण आखूड भरे, बाकी थकत जाई. पण तिचा एक गुणही होता, जो कंपनीच्या वहीत कुठे मांडलेला नसे. गावात इंग्रजांचा पैकार जसा येई, तसा डचांचा, फ्रेंचांचा, आर्मेनियनांचा, गुजराती सावकाराचाही येई. एकाचा भाव पटला नाही तर विणकर दुसऱ्याचे काम धरी. दक्षिणेत तर घेतलेली आगाऊ रक्कम परत केली की विणकर करारातून मोकळा होई. व्यापाऱ्याला मात्र तसे अंग काढून घेता येत नसे. गरीब माणसाच्या हातात एवढे एकच हत्यार होते : 'नाही' म्हणण्याचे.

बर्गी आले

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले. नवाब अलिवर्दीखानाने १७४४ मध्ये त्यांना भेटीस बोलावून दग्याने मारले, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ मध्ये तह होऊन वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे गेला, तेव्हाच त्या संपल्या. चौथाईच्या या विस्ताराचा आपल्याला अभिमान शिकवला गेला. बंगालमध्ये मात्र त्या काळाची आठवण निराळी आहे. आपल्या बारगिरांचे 'बर्गी' तिथल्या अंगाईगीतात भयाचे रूप घेऊन बसले आहेत. कलकत्त्याच्या रक्षणासाठी जो खंदक खणायला घेतला, त्याचे नावच 'मराठा खंदक' पडले.

वर्धमान, मेदिनीपूर, वीरभूम या पश्चिमेकडच्या मुलखात गावे ओस पडली आणि त्यांबरोबर मागही. विणकर पळाला की त्याला दिलेली दादनी पळाली. पैकाराची बाकी थकली, म्हणून व्यापाऱ्याची थकली. सूत आणि धान्य महागले. व्यापाऱ्यांवर अविश्वास कंपनीला आधीपासूनच होता. या दहा वर्षांनी त्याला आकड्यांचा आधार मिळाला. स्वारीला गेलेल्या आपल्या पूर्वजांना याची कल्पनाही नसेल; पण त्यांच्या घोड्यांच्या टापांनी कंपनीला आपली खरेदी बदलण्याचे एक सबळ कारण पुरवले, हे मराठी वाचकाने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मधला हात गेला

१७५३ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलाने दादनी व्यापाऱ्यांना रजा दिली. व्यापारी कंपनीच्या अटी मानीनात, जामीन देईनात, जुनी बाकी भरीनात, ही कारणे. त्यांच्या जागी कंपनीचे पगारी गुमास्ते आले. ते रोकड घेऊन थेट विणकरांच्या गावी, आडंगांवर जाऊ लागले. आजच्या कोणत्याही खरेदी-अधिकाऱ्याला पटेल अशीच ही सुधारणा होती : मधला हात काढा, दलाली वाचवा, माल मागावर असतानाच पाहा.

पण व्यापारी होता तोवर बुडीताचा एक वाटेकरी होता. तो गेल्यावर बुडीत आले ते कंपनीच्या आणि विणकराच्या मध्ये, आणि या दोघांत दुबळा कोण हे सांगायला नको. त्यातून १७५७ मध्ये प्लासी झाली आणि खरेदीदाराच्या हाती तलवार आली; १७६५ मध्ये दिवाणी मिळाली आणि त्याच्या हाती तिजोरीही आली. पूर्वी कापडासाठी विलायतेहून चांदी आणावी लागे. आता बंगालच्याच महसुलातून ठरावीक रक्कम बाजूला काढून तिच्यावर कापड घेतले जाऊ लागले. ज्याच्याकडून कर घ्यायचा, त्याच्याच करातून त्याच्या मालाची किंमत द्यायची! रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त टोपीकरांविषयी सावध केले होते, की हे इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत, यांच्यामागे राज्याचा लोभ आहे. ते लिहिले गेले त्याला तेव्हा जेमतेम पन्नास वर्षे झाली होती.

गुमास्ता आता भाव विचारीत नसे, भाव सांगे. विणकराने मुचलका लिहून द्यायचा, पैसे घ्यायचे. नको म्हटले तर त्याच्या कमरेला ते बांधले जात आणि पाठीवर फटके बसत, असे विल्यम बोल्ट्स याने १७७२ मध्ये छापलेल्या ग्रंथात नोंदवले आहे. मालाची प्रत ठरवणारे जाचनदार आणि गुमास्ते मिळून जो भाव लावीत, तो खुल्या बाजारापेक्षा निदान शेकडा १५ आणि कुठे कुठे शेकडा ४० कमी असे, हेही त्याचेच म्हणणे. बोल्ट्स काही साधू नव्हता. तो कंपनीचाच जुना नोकर, खासगी व्यापारात हात बरबटलेला, आणि १७६८ मध्ये कंपनीने देशाबाहेर घालवलेला; तेव्हा त्याच्या शब्दांतला राग वजा करूनच ते वाचावे लागतात. पण गुमास्त्यांच्या जुलमाची तक्रार करणारा तो एकटाच नव्हता.

इथेच एका प्रसिद्ध दंतकथेचे मूळ आहे. इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले असे आपण लहानपणापासून ऐकतो. बोल्ट्सच्या ग्रंथात आहे ते वेगळे आणि माझ्या मते अधिक भयंकर : रेशीम गुंडाळणाऱ्या कारागिरांवर इतकी सक्ती झाली की, ते काम करावे लागू नये म्हणून त्यांनी आपले अंगठे आपणच कापून घेतले. 'नाही' म्हणण्याचे सगळे मार्ग बंद झाल्यावर माणसाला उरलेला तो शेवटचा नकार होता.

कॉर्नवॉलिसची झाडलोट

इतके करूनही कंपनीची खरेदी सुधारली का? नाही. पगार तुटपुंजा आणि खासगी व्यापाराची मुभा, त्यामुळे नोकर मालकाच्या आधी स्वतःचे पाहत. १७७० च्या दुष्काळात बंगालची प्रजा देशोधडीला लागली. वॉरन हेस्टिंग्जचा अंदाज तर एक तृतीयांश लोक मेल्याचा होता. त्यात विणकर आणि सूत कातणाऱ्या बायाही होत्याच. १७७४ मध्ये व्यापारासाठी वेगळे मंडळ नेमले गेले आणि पुन्हा ठेकेदारी आली. या वेळी ठेकेदार बहुधा कंपनीचेच अधिकारी, दुसऱ्यांच्या नावाआड. विकणारा तोच, घेणारा तोच, प्रत तपासणाराही तोच!

१७८६ मध्ये आलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसने हे दप्तर उपसले. मंडळाच्या सभासदांना निलंबित केले, माल्द्याच्या वखारीत काम केलेल्या चार्ल्स ग्रँटला मंडळावर आणले, १७८८ मध्ये ठेकेदारी बंद करून रेसिडेंटांमार्फत थेट खरेदी सुरू केली आणि त्यांना उघड मोबदला बांधून दिला, म्हणजे चोरून घेण्याचे कारण उरू नये. लेखी करार आले. बाकी नसलेल्या विणकराने कोणाचेही काम करावे हेही मान्य झाले. कंपनीच्या वहीपुरते बोलायचे तर ही खरी सुधारणा होती, आणि कॉर्नवॉलिसला तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण १७९३ चा ३१ वा कायदा वाचला की ही सुधारणा कोणासाठी होती ते कळते. कंपनीचा पैसा घेतलेल्या विणकराने आपले श्रम किंवा माल दुसऱ्या कोणालाही देता कामा नये. माल देण्यास उशीर झाला तर रेसिडेंटाने त्याच्यावर प्यादे बसवावेत. दुसऱ्याला विकला तर दिवाणी अदालतीत खेचावे. एकाहून अधिक माग असून मजूर ठेवणाऱ्याने करारातले ठाण चुकवले, तर त्याच्या किमतीवर शेकडा ३५ दंड. बाकी नसेल तो मोकळा खरा; पण बाकी फिटणार कधी? नव्या मागणीबरोबर नवी उचल, आणि हलकी प्रत ठरवून कापलेली किंमत पुन्हा बाकीत. शांतिपूरचे विणकर एकजुटीने गाऱ्हाणी घेऊन कलकत्त्यापर्यंत गेले. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात दाद मागायची होती.

हिशेब

दादनी, गुमास्ता, ठेका, रेसिडेंट. चार पद्धती झाल्या आणि प्रत्येक बदलामागे खरा दोष होता : थकबाकी, दलाली, लाच, खोटी प्रत. प्रत्येक वेळी चौकशी झाली, अहवाल लिहिले गेले, नियम झाले. पण तपासणी नेहमी वखारीच्या दारापर्यंतच येऊन थांबली. 'आपण देतो त्या भावात या माणसाचे घर चालते का?' हा प्रश्न खरेदीच्या वहीत कोणी मांडला नाही. त्यामुळे वरचा प्रत्येक दोष दूर झाला, तो एक पायरी खाली सरकून. सगळ्यांत खालच्या पायरीवर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस होता, आणि त्याच्या खाली पायरी नव्हती.

शेवट तर आणखी विचित्र आहे. १८१३ मध्ये कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी गेली. लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड येऊ लागले होते. १८१७ मध्ये ढाक्याची व्यापारी रेसिडेन्सी बंद झाली. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापारच संपवला. विणकराच्या दारातून प्यादे उठले. आता तो कोणालाही माल विकायला मोकळा होता. पण तोवर त्याच्या मालाला पूर्वीचे गिऱ्हाईकच उरले नव्हते.

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांतून जाताना पूर्वी हातमागाची खटखट ऐकू येई, आता यंत्रमागाची येते. त्या आवाजामागच्या घरांत आजही कितीदा सूत देणारा आणि साडी नेणारा एकच असतो, आणि उचलीची वही त्याच्याच पेटीत असते. आज कोणी प्यादा बसवत नाही, हे खरेच मोठे अंतर आहे. तरीही कोणतीही खरेदी निकोप आहे की नाही हे पारखायचे असेल, तर घेणाऱ्याच्या वहीतली बचत पाहण्याआधी एवढेच पाहावे : विकणाऱ्याला 'या भावात नाही परवडत' म्हणून शांतपणे दार लावून घेता येते का? कंपनीने दीडशे वर्षांत सगळे तपासले. तेवढे मात्र तपासले नाही.