रणगाड्यावर धूळ कशी बसवतात? पहिला लष्करी डायोरामा, लोंगेवालाच्या निमित्ताने

डिसेंबर १९७१ मध्ये हवेतून टिपलेलं लोंगेवालाचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात रणगाडे अगदी लहान दिसतात. नजर जाते ती वाळूत उमटलेल्या त्यांच्या पट्ट्यांच्या खुणांकडे. सरळ आलेल्या खुणा मध्येच वळतात, गोल फिरतात, एकमेकींना छेदतात. वरून हंटर विमानं मारा करत असताना खाली चालकांची काय धडपड चालली होती, ते त्या खुणांवरून कळतं.

लष्करी डायोरामाही हेच काम करतो. नुसतं स्केल मॉडेल म्हणजे वाहनाची प्रतिकृती. त्याच्याभोवती जमीन, हवामान आणि एखादा प्रसंग उभा केला की डायोरामा होतो. हा शब्द रूढ केला तो फोटोग्राफीच्या इतिहासात नाव असलेल्या लुई दागेर यांनी. १८२२ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये प्रकाशाचे खेळ दाखवणारं एक भव्य चित्रगृह उघडलं, त्याचं हे नाव. किट जोडणाऱ्या शौकिनांमध्ये डायोरामा लोकप्रिय झाला तो १९७० च्या दशकात, अमेरिकी मॉडेलकार शेपर्ड पेन यांच्यामुळे. मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत त्यांच्या डायोरामांची माहितीपत्रकं मिळायची. ती बघून अनेकांनी पहिल्यांदा हातात ब्रश घेतला.

रणगाड्यांसाठी १/३५ हे माप सर्वाधिक चालतं. त्यामागे गणित असं काही नाही. जपानच्या तामिया कंपनीने आपल्या पॅंथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावतील असा आकार ठरवला, तो मोजल्यावर साधारण १/३५ निघाला. पुढे तेच माप रूढ झालं.

आधी प्रसंग, मग किट

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे रणगाडा आधी पूर्ण करायचा आणि मग त्याला ठेवायला जागा शोधायची. क्रम उलटा हवा. समजा, प्रसंग लोंगेवालाचा आहे. ‘बॉर्डर’ चित्रपटामुळे तो बहुतेकांना ठाऊक आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाबच्या कंपनीसमोर पाकिस्तानी रणगाडे आले. हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, त्यामुळे उजाडेपर्यंत चौकी एकटीनेच लढली. सकाळी जैसलमेरहून विमानं आली तेव्हा कित्येक रणगाडे मऊ वाळूत अडकलेले होते.

पहिल्या डायोरामासाठी असा एकच अडकलेला टी-५९ पुरेसा आहे. सगळी लढाई पाटावर मांडायला जाऊ नये. त्यात किटही वाया जातात आणि उत्साहही.

आता थोडं गणित. टी-५९ च्या पोटाखाली जमिनीपासून सुमारे ४२ सेंटिमीटर मोकळी जागा असते. १/३५ मध्ये ती होते १२ मिलिमीटर. म्हणजे रणगाडा पोटावर टेकलेला दाखवायचा असेल, तर पट्टे तेवढे वाळूत गेलेच पाहिजेत. ३६ टनांचं धूड वाळूवर अलगद ठेवल्यासारखं दिसलं, की पुढची सगळी रंगकामाची मेहनत फुकट. म्हणून थर्माकोलच्या पाटात आधीच खाच कोरून ठेवावी आणि पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना दाबून वर आलेल्या वाळूचा उंचवटा करावा.

वाळूसाठी खरी वाळू वापरायचा मोह होतो, तो टाळावा. पाव मिलिमीटरचा कण १/३५ च्या जगात जवळजवळ ९ मिलिमीटरचा खडा होतो. त्यापेक्षा फरशांच्या फटी भरायचं ग्राउट किंवा मलमलीतून चाळलेली माती बरी. पातळ केलेल्या फेविकॉलवर ती भुरभुरवायची. सेवण गवताचे झुबके काथ्याच्या तंतूंचे छान होतात.

डाग आला कुठून?

वेदरिंग म्हणजे ऊन, धूळ, वापर आणि मारा यांच्या खुणा रंगाने दाखवणं. यात कौशल्यापेक्षा चौकशी जास्त लागते. ओरखडा का पडला? शिपाई चढताना तिथेच पाय ठेवतात म्हणून. झाकणाची कड का उघडी पडली? रोज हात लागतो म्हणून. कारण सापडत नसेल तर तो डाग काढू नये. १ मिलिमीटरचा टवका म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर, हेही लक्षात असू द्यावं.

गंजाचं वेड सर्वात घातक. वाळवंटात रात्रभर चालून आलेल्या रणगाड्याचे पट्टे नारिंगी नसतात. वाळूने घासून त्यांच्या कडा चकाकतात आणि खाचांत धूळ बसते. गंज शोभतो तो फार तर धुराड्यापाशी. जळालेल्या रणगाड्याची गोष्ट वेगळी. तिथे रंगच उरत नाही.

कामाचा क्रम मात्र मोडू नये. प्रायमर, मग ॲक्रिलिकचा मूळ रंग. मूळ छटेत थोडा पांढरा मिसळावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो. त्यावर चकचकीत ॲक्रिलिक वॉर्निश देऊन ते एक दिवस वाळू द्यावं. मग बर्न्ट अंबर हा तैलरंग टर्पेन्टाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून बारीक ब्रशने फक्त सांध्यांत आणि बोल्टांभोवती सोडावा. खालचा ॲक्रिलिक थर त्यात विरघळत नाही, म्हणून चूक झाली तरी पुसता येते. घाईने नेलपेंट रिमूव्हर वापरला तर प्लास्टिकच वितळेल. टवक्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा फाटका तुकडा ब्रशपेक्षा बरा. रंग आधी कागदावर टिपून घ्यायचा आणि अगदी हलकेच टेकवायचा. त्यानंतर मॅट वॉर्निश आणि शेवटी धूळ. ही पूड पाटावर वापरली तीच हवी. दोन वेगळ्या छटा आल्या तर रणगाडा दुसऱ्याच गावाहून आल्यासारखा दिसतो. पूड लावताना मास्क आणि टर्पेन्टाइनसाठी उघडी खिडकी हवीच.

खरा रणगाडा जवळून पाहायचा असेल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. तिथे पट्ट्यांच्या कड्या, वेल्डिंगच्या रेघा आणि झाकणांच्या बिजागऱ्या निरखाव्यात. रंगावर मात्र विसंबू नये, कारण संग्रहालयातली वाहनं नव्याने रंगवलेली असतात. कृष्णधवल छायाचित्रांवरूनही नेमकी छटा कळत नाही.

माणसांच्या आकृत्या रंगवणं हे सर्वात अवघड काम. पौणेदोन मीटरचा माणूस इथे पाच सेंटिमीटरचा असतो आणि त्याचा चेहरा बिघडला की सगळा प्रसंग हास्यास्पद होतो. पहिल्या खेपेला आकृत्या वगळल्या तरी चालतं. टरेटचं झाकण उघडं ठेवून वाळूत दूर जाणारी पावलं उमटवली, प्रत्येक ठसा ७ मिलिमीटरचा आणि दोन ठशांत साधारण दोन सेंटिमीटर अंतर, तर आतली माणसं रणगाडा सोडून गेली हे बघणाऱ्याला कळतं. झाकणातून पोकळ प्लास्टिक दिसू नये म्हणून आतली बाजू जोडणीआधीच काळी करून घ्यावी.