पुलकेशीच्या महाराष्ट्राचा चिनी साक्षीदार

महाराष्ट्राच्या शौर्याची चर्चा निघाली की ह्युएनत्संगाचा दाखला हमखास दिला जातो. कारंज्यातील आमच्या विद्यार्थ्यांनाही तो ठाऊक असतो. त्यामागची चिनी परंपरा मात्र सहसा ठाऊक नसते. इ.स.पूर्व १२००च्या सुमारास शांग राजे बैलांच्या हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर दैवाला विचारलेले प्रश्न कोरून घेत. पुढे नोंद ठेवणे हे तेथे राज्यकारभाराचेच अंग बनले.

ह्युएनत्संग ६४५ मध्ये मायदेशी परतला आणि सम्राट ताइत्सुंगाच्या इच्छेवरून ६४६ मध्ये त्याचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यामुळेच की काय, देशाचा परीघ, राजधानी, जमीन, हवामान, लोकस्वभाव, राजा, विहार असा क्रम त्यात वारंवार आढळतो. महाराष्ट्राचे वर्णनही याच साच्यातले. उपकार स्मरणारे, सूड घेण्यापूर्वी शत्रूला सूचना देणारे लोक आपण आवडीने उद्धृत करतो. पराभूत सेनापतीला दिलेला स्त्रीवेष आणि युद्धापूर्वी मद्य पाजलेले हत्ती व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येतात.

याच पुलकेशीची ऐहोळे प्रशस्ती रविकीर्तीने ६३४ मध्ये रचली. स्वतःला कालिदास-भारवींच्या पंक्तीत बसवणारा हा कवी हर्षाच्या नावावर श्लेष साधून त्याचा हर्ष भयाने गळाल्याचे सांगतो. श्लेष सुंदर आहे, पण कवी पुलकेशीचा आश्रित. ह्युएनत्संग तर हर्षाचा सन्मानित अतिथी. तरीही हर्षाला हा देश जिंकता आला नाही, हे त्याने लिहून ठेवले. आम्हाला हीच साक्ष अधिक मोलाची वाटते.