बैलाचं मुसकं आणि ट्रॅक्टरची जाळी



आपल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास सांगायला कोणी बसलं की सुरुवात नवगावच्या किनाऱ्यापासून होते. मग तेलाचा घाणा आणि 'शनिवार तेली' हे नाव येतं. मग मुंबई, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग, पलटणी, रेल्वे, कचेऱ्या, दवाखाने. आणि शेवटी इस्राएल. इथे पोचल्यावर मात्र बहुतेकांची हकिकत एका वाक्यात आटोपते: "सुरुवातीला फार कष्ट काढले." कष्ट म्हणजे नेमकं कोणतं काम, ते हाताने कसं करायचे, त्यात काय बिघडायचं, हे कोणी लिहून ठेवत नाही.

आज त्यातल्या एकाच कामाविषयी लिहिते. गवत कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा रेडिएटर साफ ठेवणं. विषय वाचून हसू नका. या कामावरून आमच्या घरात माझ्या मामांविषयी एक चुकीची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली, आणि ती दुरुस्त करणं माझ्याकडून राहून गेलं आहे.

मामा १९६३ साली आले. आपल्या समाजासाठी तो वाईट काळ होता. आपल्या लग्नांवर रब्बींनी शंका घेतली होती. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा कुठे क्नेसेतने आपण इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहोत असं जाहीर केलं. कामाच्या ठिकाणीही आपल्याला तोलूनमापून घेत. नेगेवमधली येरुहाम १९५१ ची, दिमोना १९५५ ची. दोन्ही गावं नवीन. कारकुनी केलेल्या माणसांच्या हातात तिथे कुदळ-फावडं आलं. मामांचं तसं नव्हतं. ते अलिबाग तालुक्यात वाढलेले, घरची थोडी भातशेती होती. मळणीचे बैल, पेंढ्याची उडवी, अंगात खाजणारं तूस, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. उत्तर नेगेवातल्या एका वस्तीच्या शेतावर ते मजुरीला लागले आणि दोन वर्षांत ट्रॅक्टरवर बसले. ट्रॅक्टर लाल मॅसी फर्ग्युसन, आधीच बराच वापरलेला.

इथे गवत म्हणजे रानात आपोआप वाढलेलं गवत नव्हे. गहू, ओट किंवा बिक्या नावाची शेंगवर्गी वेल पहिल्या पावसाबरोबर पेरतात आणि दाणा पुरता पिकायच्या आत, वसंतात, हिरवीच कापतात. कापलेलं शेतातच ओळींनी वाळवायचं, दाताळ्याच्या यंत्राने उलटायचं आणि मग बेलरने गठ्ठे बांधायचे. त्याला शाखात म्हणतात. ही दुभत्या गाईंची वर्षभराची बेगमी. दिवस पेसाहपासून शावुओतपर्यंतचे, आपण ओमेर मोजतो तेच. याच दिवसांत वाळवंटाकडून शारावचे गरम वारे सुटतात. आणि एखादा उशिराचा पाऊस आला तर कापून पडलेलं गवत काळं पडतं. म्हणून घाई. अगदी कोरडं गवत बांधलं तर पानं झडून नुसत्या काड्या उरतात, म्हणून पुष्कळदा पहाटे दव असतानाच बेलर सुरू करतात.

आता रेडिएटरचं. इंजिनात जळणाऱ्या डिझेलपैकी साधारण एक तृतीयांश शक्तीच कामाला येते. साधारण तेवढीच उष्णता धुराड्यातून जाते आणि बाकीची बरीचशी पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. ते तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरतं. नळ्यांना पातळ पत्र्यांचे पदर जोडलेले असतात, आणि मागचा पंखा पुढून हवा ओढून त्या पदरांमधून नेतो. सगळा कारभार त्या हवेवर चालतो. १९१७ पासून निघालेल्या पहिल्या फोर्डसन ट्रॅक्टरला तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी आपसूक वर चढायचं, गार खाली उतरायचं. हॅरी फर्ग्युसनच्या करड्या टीई-२० चे १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त नग निघाले. पंप आले, थर्मोस्टॅट आला, पण हवा पुढूनच आत यायची ती यायचीच.

नांगरटीला धूळ असते. ती बरीचशी पदरांमधून निघून जाते. गवताचं तसं नाही. सुकलेल्या पानांचे तुकडे, फोलपटं, केसाळ बिया हवेत तरंगतात, पंखा ते सगळं पुढच्या जाळीवर ओढून आणतो आणि बघता बघता तिथे गोधडी तयार होते. त्यात ट्रॅक्टर सावकाश चालतो, म्हणजे समोरून वारा कमी. पण मागचा बेलर फिरवणारा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांनी चालू, म्हणजे इंजिनावर भार पुरा. वारा पाठीमागून असला तर आपलाच भुसा ढगासारखा आपल्याबरोबर चालतो. दवात ओला झालेला भुसा चिकटतो, आणि कुठे तेल गळत असेल तर त्याचा लगदाच होतो.

मामांची पद्धत मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. पुढच्या जाळीवर ते खिडकीच्या मच्छर-जाळीचा एक तुकडा तारेने बांधत, म्हणजे कचरा बाहेरच अडकतो आणि हाताने खरवडून काढता येतो. दर अर्ध्या तासाने थांबायचं, इंजिन बंद करायचं, जाळी झटकायची. दुपारी आणि संध्याकाळी रेडिएटरचे पदर साफ करायचे, तेही पंख्याच्या बाजूने पुढे हवा मारून, म्हणजे कचरा ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर जाईल. पुढून हवा मारली की तो आणखी आत ठासला जातो. आधी कोरडी हवा, पाणी नंतर, आणि तेही हलक्या धारेने; जोराच्या धारेने पातळ पदर वाकतात आणि वाट कायमची बंद होते. धुराड्याच्या गरम भागावर साठलेला भुसाही रोज काढायचा, कारण तिथे आग लागते.

ते म्हणायचे, "बाळ, घाण्याचा बैल थकला की फुरफुरतो, उभा राहतो. बैल सांगतो. ट्रॅक्टर सांगत नाही. त्याचा श्वास कोंडला तरी तो कोसळेपर्यंत ओढत राहतो." मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये, ही देवारीमच्या २५ व्या अध्यायातली आज्ञा त्यांना ठाऊक होती. जाळीवरच्या भुशाला ते 'मुसकं'च म्हणत.

आणि तरी १९६८ च्या वसंतात हेच मामा भाजले.

आमच्या घरात गोष्ट सांगितली जायची ती अशी: मामांनी घाईघाईत गरम रेडिएटरचं झाकण उघडलं, वाफ उसळली, उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. "शिकलेले असते तर असं केलं असतं का?" हे वाक्य शेवटी ठरलेलं. मामाही मान हलवून म्हणायचे, "माझीच चूक."

पुढे मी नर्सिंगचा डिप्लोमा केला, तातडीच्या विभागात बरीच वर्षं काम केलं. रेडिएटरच्या वाफेने भाजलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी क्षणात उसळून बाहेर येतं. आम्ही अशा माणसांना नेहमी विचारायचो, "उघडलंत कशाला?" एकदा मला वाटलं, हाच प्रश्न मामांना नीट विचारावा. रागावून नव्हे, माहिती घ्यायला.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ढग आले होते. मुकादम शेताच्या कडेला उभा राहून ओळी मोजत होता. मामा जाळी झटकायला दुसऱ्यांदा थांबले तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हा हिंदी माणूस गाडीला वारा घालत बसतो." त्यानंतर मामा थांबले नाहीत. दोन तास. तापमानाचा काटा तर आधीच्या वर्षापासून बंद होता. दुरुस्तीला सांगून झालं होतं. बोनेटखालून वाफ दिसली तेव्हा मुकादम ओरडला, पाणी घाल आणि निघ. मामांनी पाणी घालायला झाकण उघडलं.

भाजल्यावर कोणीतरी डब्यातलं मार्गरीन त्यांच्या हाताला चोपडलं. गार पाणी चार पावलांवर, टाकीत होतं.

मंडळी, यात मामांचं अज्ञान कुठे आहे? काय करायला हवं हे शेतावर सर्वांत नीट त्यांनाच माहीत होतं. त्यांनी ते सोडलं, कारण आपण आळशी ठरू, आणि आपल्याबरोबर सगळे 'हिंदी' आळशी ठरतील, ही भीती होती. त्या काळात आपल्या कितीतरी माणसांनी ही भीती बाळगून काम केलं असणार. पुढच्या हंगामात त्या शेतावर नवा काटा बसला, चांगली जाळीही आली. मामांना मात्र कोणी काही बोललं नाही. आणि घरात आपणच ती चूक त्यांच्या नावावर लावून टाकली.

आजच्या मोठ्या ट्रॅक्टरांवर उलटा फिरणारा पंखा मिळतो. ठरावीक वेळाने तो हवा बाहेर फेकतो आणि जाळीवरचा भुसा आपोआप उडून जातो. म्हणजे मामा ज्यासाठी थांबत होते ती गरज खरीच होती. ती आता यंत्रातच बसवलेली आहे. तरीही त्या पंख्याच्या भरवशावर राहू नये. नव्या ट्रॅक्टरांत एसीचा आणि तेल थंड करायचा रेडिएटर मुख्य रेडिएटरच्या पुढे असतो, आणि कचरा दोघांच्या मधे जाऊन बसतो. तो बाहेरून दिसत नाही. पुढचा भाग सरकवून मधली फट साफ करावीच लागते.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा नातू शेतावर काम करत असेल तर एवढं सांगा. इंजिन तापलं तर भार काढून काही मिनिटं मंद चालू द्या. पाणीच निघून गेलं असेल तर लगेच बंद करा. झाकणाला हात लावायचा तो रेडिएटर हाताला गार लागेल तेव्हाच. आणि भाजलंच तर अंगठी-घड्याळ काढून वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, तेल नको, मार्गरीन तर नकोच. मग दवाखाना.

शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून आपल्या पूर्वजांना लोकांनी नाव दिलं, आणि आपण ते नाव अभिमानाने सांगतो. दर अर्ध्या तासाला ट्रॅक्टर थांबवणाऱ्या माणसालाही लोकांनी नाव ठेवलं. ते मात्र आपण लाजून लपवलं. माझ्यापुरती मी ही दुरुस्ती करते: मामा निष्काळजी नव्हते.

तुमच्या घरात कोणी ट्रॅक्टरवर, कापणीवर, गोठ्यात काम केलं असेल तर मला लिहा. नुसतं "फार कष्ट काढले" असं नको. काय करायचे, कसं करायचे, ते लिहा.