गहाण डाग आणि बदललेला तोळा

माथेरानचा इतिहास म्हटला की आपण १८५० सालचा मॅलेट साहेब आणि १९०७ सालची पीरभॉयांची छोटी गाडी, एवढ्यावर थांबतो. आज मला बोलायचंय ते इथल्या घरांतल्या सोन्याबद्दल. डब्यातलं कमी, गहाण पडलेलं जास्त.

पावसाळ्यात माथेरान रिकामं होतं. नेरळहून वर येणारी गाडीही तेव्हा बंद असते. घोडेवाला, हमाल, छोटा दुकानदार, सगळ्यांची कमाई आटते. किराणा मात्र लागतोच. आमची आजी जूनमध्ये बोरमाळ 'खाली' पाठवायची आणि दिवाळीची गर्दी सरली की सोडवून आणायची. खाली म्हणजे डोंगराच्या पायथ्याला, सावकाराकडे.

आता बघा, तो मोल कसं करायचा? काळ्या कसोटीवर डाग घासायचा, शेजारी माहितीतल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि वर तेजाबाचा थेंब. हिणकस रेघ विरते, चोख टिकते. मग वजन. इथं बोरमाळ मार खाते. तिचे मणी पोकळ, आत लाख भरलेली, आणि काट्यावर लाखही सोन्यासोबतच बसते. म्हणून सावकार अंदाजानं घट धरणार, आणि तो अंदाज कधी आपल्या बाजूचा निघत नाही! पुतळ्या म्हणजे सोन्याच्या चकत्याच, त्यांच्यात असा वाद कमी. माझं मत विचाराल तर मिरवायला बोरमाळ, अडीअडचणीला पुतळ्या.

खरा घोळ तोळ्याचा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा: १२ मासे, आणि माशाला ८ गुंजा. १९५६च्या कायद्यानंतर दशमान वजनं आली आणि बाजार हळूहळू १० ग्रॅमलाच तोळा म्हणू लागला. शब्द तोच, सोनं कमी. जुने ५ तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम, आजचे ५ तोळे म्हणजे ५०. जुनी चिठ्ठी घेऊन भाऊ-बहीण भांडत असतील, तर आधी तिच्यावरचं साल बघा.

त्यात जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं. नवा दागिना १४ कॅरटच्या वर घडवायचा नाही! कितीतरी सोनारांची कामं गेली. ही अट पुढे उठली, पण १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा थेट १९९० मध्ये रद्द झाला.

सावकारावरही कायदा होताच. १९४६च्या मुंबई सावकारी कायद्यानं परवाना आणि हिशेबाच्या वह्या सक्तीच्या केल्या. त्याच्या जागी २०१४ मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा आला. व्याज मुद्दलाच्या वर वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा जुना दंडक त्यातही आहे. पण तो वापरायला हातात पावती लागते, आणि तोंडी व्यवहारात पावती मागायला माणूस बिचकतो.

आता हॉलमार्क आहे, कॅरट सांगणारी यंत्रं आहेत. आजीच्या बोरमाळेवर मात्र शिक्का नाही. आतलं सोनं नेमकं किती, हे कळायला ती वितळवावी लागेल. घरात कुणी तयार नाही, त्यामुळे लाखेचा अंदाज अजूनही काट्यापाशी बसलेला माणूसच करतो.